कोची बिएनाले पाहायला जाताना आखणी कशी करावी

केरळातल्या कोचीत भरणारे कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन एका इमारतीत भरत नाही, हे निघण्यापूर्वी सगळ्यांनाच ठाऊक असते. पण ते खऱ्या अर्थाने पटते दुसऱ्या दिवशी दुपारी, पोटऱ्या भरून आल्यावर. फोर्ट कोचीतल्या समुद्राकाठच्या जुन्या वखारी, मट्टानचेरीतली मसाल्याची गोदामे, मधले विलिंग्डन बेट आणि पाण्यापलीकडचे एर्नाकुलम अशा चार ठिकाणी हे प्रदर्शन विखुरलेले असते आणि साडेतीन महिन्यांच्या आसपास चालते. प्रथमच जाणारे बहुतेक जण घरून नामवंत कलावंतांची यादी करून निघतात, एका ठिकाणाहून दुसरीकडे रिक्षाने धावत राहतात आणि परतल्यावर त्यांच्या लक्षात रिक्षांचेच प्रवास अधिक राहतात. माझ्या मते आखणी कलावंतांच्या नावांवरून करू नये, पाण्यावरून करावी. कोणत्या दिवशी कोणत्या काठावर राहायचे, एवढे एकदा ठरले की बाकीच्या गोष्टी त्यामागोमाग ठरत जातात. ती आखणी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे.

तारखा आधी, तिकिटे नंतर

बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन. कोचीचे पहिले प्रदर्शन १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे १२-१२-१२ या सहज लक्षात राहणाऱ्या तारखेला उघडले, आणि त्यानंतर २०१४, २०१६ व २०१८ मध्येही १२ डिसेंबरचा मुहूर्त पाळला गेला. मात्र हा नियम धरून चालू नये. २०२० ची आवृत्ती करोनामुळे होऊ शकली नाही. ती २०२२ मध्ये झाली, तेव्हाही मुख्य दालने १२ डिसेंबरऐवजी २३ डिसेंबरला उघडली, आणि त्यानंतरची सहावी आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली. म्हणून आयोजक असलेल्या कोची बिएनाले फाउंडेशनने तारखा जाहीर केल्या आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय विमानाची परतावा न मिळणारी तिकिटे काढण्याची घाई करू नये.

तारखा जाहीर झाल्या तरी उद्घाटनाच्या आठवड्यात जाण्याचा मोह टाळावा, असे मी आवर्जून सांगेन. त्या दिवसांत कलावंत आणि क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड व मांडणी ठरवणारे, गावात असतात, व्याख्याने होतात, वातावरण भारलेले असते हे खरे. पण मोठी मांडणशिल्पे, म्हणजे जागा व्यापून उभारलेल्या कलाकृती (इन्स्टॉलेशन), अनेकदा पहिल्या दिवसांत पुरती उभी राहिलेली नसतात, प्रोजेक्टर जुळवणे चालू असते आणि भिंतीवरच्या माहितीच्या पाट्या लागायच्या असतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्याची अडचण निराळी आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत ‘पप्पांजी’ नावाच्या म्हाताऱ्याचा भव्य पुतळा जाळून सरत्या वर्षाला निरोप दिला जातो आणि तो पाहण्यासाठी एवढी गर्दी लोटते की वाहनांना बंदी होते व होड्यांसमोर तासन्‌तास रांगा लागतात. तो सोहळा पाहण्यासाठी जायचे असेल तर अवश्य जावे, पण त्याच दिवशी चित्रेही पाहू असे मनात आणू नये. मार्चमध्ये उकाडा आणि दमटपणा वाढतो, आणि वखारींच्या पत्र्याखाली तो दुप्पट जाणवतो. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. सगळे काही उभे राहिलेले असते आणि सकाळची हवाही चालण्याजोगी असते.

जाणे आणि राहणे

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी शक्य असल्यास कोकण रेल्वेने जावे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस पनवेल, रत्नागिरी, मडगावमार्गे एर्नाकुलमला पोहोचते; दिल्लीहून येणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कल्याण आणि पनवेलला मिळते. प्रवास साधारण एका दिवसाचा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे जानेवारीच्या प्रवासासाठी नोव्हेंबरमध्येच तारीख लिहून ठेवावी. डिसेंबरच्या मध्यास पणजीत ‘सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल’ भरतो. तो आणि कोची एकाच प्रवासात जोडून मडगावहून पुढे जाणारेही पुष्कळ असतात. विमानाने गेल्यास नेडुंबश्शेरीचा विमानतळ शहरापासून बराच दूर आहे आणि तिथून फोर्ट कोची गाठायला दीड तास सहज लागतो, हे पहिल्या दिवसाच्या वेळापत्रकात धरावे.

राहण्यासाठी फोर्ट कोची की एर्नाकुलम, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. एर्नाकुलममध्ये हॉटेले स्वस्त आणि मुबलक आहेत, स्थानकही जवळ आहे. तरीही दोनच रात्री राहायचे असेल तर थोडे अधिक पैसे मोजून फोर्ट कोचीतल्या एखाद्या होमस्टेमध्ये राहावे. दुपारी एक ते तीनच्या उकाड्यात खोलीवर जाऊन पाठ टेकता येणे, ही गोष्ट या प्रदर्शनात फार मोलाची आहे. ती सोय असली तर माणूस चारनंतर पुन्हा ताजेपणाने बाहेर पडतो. नसली तर एखाद्या काळोख्या व्हिडिओ-दालनात बाकावर बसून पेंगतो. तिथे पेंगणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो.

नकाशा काठांप्रमाणे विभागावा

ठिकाणांची यादी दर आवृत्तीत बदलते, म्हणून मागच्या वेळी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. अस्पिनवॉल हाउसचेच उदाहरण घ्या. जॉन अस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याच्या १८६७ साली स्थापन झालेल्या पेढीची ही वखार; इथून खोबरेल, मिरी, सुंठ, हळद आणि पुढे काथ्या, चहा, कॉफी परदेशी जात असे. पहिल्या आवृत्त्यांत हेच प्रमुख ठिकाण होते आणि तिकीट घेणेही इथेच होत असे. सहाव्या आवृत्तीत मात्र या आवारातले काथ्याचे गोदाम तेवढे प्रदर्शनासाठी होते आणि बराच भार मट्टानचेरीच्या गोदामांकडे व विलिंग्डन बेटाकडे सरकला होता. तेव्हा चालू आवृत्तीचा नकाशा मिळवावा, तो कागदावर छापून घ्यावा आणि चार रंगांच्या पेन्सिलींनी चार काठ रंगवावेत. मोबाइलवरचा नकाशा जवळच्या गल्ल्या चांगल्या दाखवतो, पण अख्ख्या दिवसाचा आवाका त्यात एका दृष्टीत येत नाही.

पहिला दिवस फोर्ट कोचीसाठी ठेवावा. दालने सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात. दहाच्या ठोक्याला दारात असणे हा गर्दी टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. बोटीच्या धक्क्यापासून अस्पिनवॉल चालत पाच-सात मिनिटांवर आहे. तिथून काल्वत्ती रस्त्याने पूर्वेकडे निघाले की पेपर हाउस (इथे पेपर म्हणजे मिरी) लागते: दोन मजली, कौलारू, मधे मोठे अंगण आणि मागच्या बाजूला थेट पाणी. इथे उपाहारगृह आहे. सकाळचे पाहणे संपवून इथे बसावे. परेड मैदानाजवळचे डेव्हिड हॉल ही सतराव्या शतकाच्या अखेरीची डच वास्तू दुपारनंतर पाहावी. ही वास्तू हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड या डच गव्हर्नराशी जोडली जाते. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध केला. त्या कामी मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीतले कोकणी वैद्य होते आणि त्यांनी १६७५ साली दिलेली ग्वाही पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. मराठी वाचकाने या इमारतीसमोर दोन मिनिटे थांबावे, ते एवढ्यासाठी की ज्या लिपीत आपण हा लेख वाचतो आहोत ती ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात या गावातून गेली होती.

दुसरा दिवस मट्टानचेरीचा. फोर्ट कोचीहून तिथे रिक्षाने जाण्याऐवजी बझार रोडने चालत जावे. अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे आणि सकाळी नऊ-साडेनऊला निघाल्यास ऊन सोसवते. हा रस्ताच मुळी प्रदर्शनाचा भाग मानावा. एका गाळ्यात सुंठीची पोती उतरत असतात, पुढच्या गाळ्यात तांदळाची. हमाल खांद्यावरचा आकडा पोत्यात रुतवतो आणि पायऱ्यांवर मिरीचे दाणे सांडलेले असतात. त्याच ओळीतल्या एखाद्या गोदामात शिरले की आत एकदम शांतता आणि भिंतीवर हलणारे चित्र. बाहेरच्या वासासकट आत जाणे आणि आतले पाहून पुन्हा त्या वासात येणे, हा अनुभव पांढऱ्या भिंतींच्या कलादालनात मिळत नाही. ‘स्टुडंट्स बिएनाले’ हे देशभरच्या कला-विद्यार्थ्यांचे समांतर प्रदर्शनही बहुधा याच भागात असते. ते मुळीच टाळू नये. तिथे कच्चेपणा असतो, पण मुख्य प्रदर्शनात कधीकधी जो सफाईदार थंडपणा जाणवतो तो तिथे नसतो, आणि काम करणारा विद्यार्थी अनेकदा शेजारीच उभा असतो.

मट्टानचेरीत चेरलाई भागात गौड सारस्वत वस्ती आहे आणि तिरुमल देवस्वम मंदिराच्या आसपास कोकणी कानावर पडते. मालवणी किंवा गोव्याच्या माणसाला त्यातले निम्मे तरी कळते. रस्ता विचारायला याचा मला चांगला उपयोग झाला आहे.

तिसऱ्या दिवशी पाणी ओलांडावे. विलिंग्डन बेट हे बंदर खोल करताना निघालेल्या गाळातून रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेले कृत्रिम बेट आहे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाला ज्या मुंबईच्या गव्हर्नराचे नाव आहे, तोच पुढे व्हाइसरॉय झाला आणि त्याचेच नाव या बेटालाही आहे. बेटावर दालन असेल तर सकाळ तिथे घालवावी आणि दुपारी एर्नाकुलमचा दरबार हॉल पाहावा. कोचीच्या राजांनी बांधलेली ही वास्तू आता केरळ ललितकला अकादमीकडे आहे आणि एर्नाकुलम जंक्शनपासून जवळ आहे. परतीची गाडी त्याच रात्री असेल तर सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवून इथे निवांत येता येते.

या सगळ्या काठांमध्ये जाण्यासाठी बोट हेच वाहन धरावे. एर्नाकुलम ते फोर्ट कोची हे अंतर रस्त्याने बारा किलोमीटरच्या आसपास आहे आणि पुलांवरच्या वाहतुकीत तास मोडतो. बोटीने तेच वीस-पंचवीस मिनिटांत होते. राज्य जलवाहतूक विभागाच्या जुन्या लाकडी बाकांच्या बोटी अगदी थोड्या पैशांत नेतात. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित बोटी एप्रिल २०२४ पासून हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला येऊ लागल्या, आणि पुढे मट्टानचेरी व विलिंग्डन बेटावरही तिचे धक्के झाले. वॉटर मेट्रोच्या बोटीत ठरावीक संख्येपेक्षा अधिक माणसे घेत नाहीत, म्हणून रविवारी संध्याकाळी फोर्ट कोचीच्या धक्क्यावर तासभर रांग लागू शकते. त्या वेळी जुनी बोट धरावी.

किती पाहायचे आणि कसे पाहायचे

तीन दिवसांत सगळे पाहून होत नाही, आणि होऊ देऊही नये. इथे वेळ खातात त्या व्हिडिओ-कलाकृती. दाराशेजारच्या पाटीवर कलाकृतीची लांबी मिनिटांत लिहिलेली असते. आत शिरण्यापूर्वी ती वाचण्याची सवय लावावी. सात मिनिटांचे काम असेल तर उभ्याने पूर्ण पाहावे. चाळीस मिनिटांचे असेल तर ते आजच्या दोन मोठ्या कामांपैकी एक आहे की नाही, हे तिथेच ठरवावे आणि नसेल तर पाच मिनिटे पाहून निःसंकोच बाहेर पडावे. दिवसाला एखाद-दोन लांब व्हिडिओ आणि पाच-सहा मोठी मांडणशिल्पे एवढेच माझ्या डोळ्यांना झेपते. इतरांचे प्रमाण वेगळे असेल, पण काहीतरी प्रमाण असावे.

मांडणशिल्पे पाहण्यासाठी अंगाचीही तयारी लागते. २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल सुरिता यांनी अस्पिनवॉलच्या एका लांबलचक गोदामात समुद्राचे पाणी भरून घेतले होते. प्रेक्षकाने त्यातून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचे. तिथे गालिप कुर्दी या समुद्रात बुडालेल्या सीरियन निर्वासित मुलाला उद्देशून कविता होती. मी त्या दिवशी बांधायचे बूट आणि मोजे घालून गेलो होतो. दारात बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन निघालो. पाणी गुडघ्याच्या खालपर्यंत होते, तळ बुळबुळीत होता आणि सगळे लक्ष बूट न भिजण्याकडे. परत येताना कळले की भिंतीवर काय लिहिले आहे ते मी नीट वाचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी चपला घालून, रिकाम्या हातांनी पुन्हा गेलो, तेव्हा पाण्याचा थंडपणा आधी जाणवला आणि मग शब्द. तेव्हापासून कोचीला मी फक्त रबरी पट्ट्याच्या चपला नेतो, आणि खांद्याला अडकवायची लहान पिशवी.

कलाकृतीसमोर काही कळत नसेल तर पाटीवरचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यात फारसा अर्थ नसतो. तो मजकूर पुष्कळदा कलाकृतीपेक्षा अवघड असतो. दालनांत ‘आर्ट मीडिएटर’ म्हणून तरुण मुले-मुली नेमलेली असतात. त्यांना हे कशाचे बनवले आहे, इथे कसे आणले, बनवायला किती दिवस लागले असे साधे प्रश्न विचारावेत. सामग्रीपासून बोलणे सुरू झाले की अर्थाकडे आपोआप जाते. २०१२ मध्ये विवान सुंदरम यांनी केरळातल्या पट्टणम गावच्या उत्खननातून निघालेल्या खापरांच्या तुकड्यांची नगररचना जमिनीवर मांडली होती. ती खापरे मुझिरिस या लोप पावलेल्या बंदराशी जोडली जाणाऱ्या जागेची आहेत, एवढे कळले तरी प्रदर्शनाच्या नावातला अर्धा भाग उलगडत असे.

घरून निघण्यापूर्वी वाचायचेच असेल तर कलावंतांच्या चरित्रांऐवजी क्युरेटरचे टिपण वाचावे. दर आवृत्तीचा क्युरेटर वेगळा आणि तोही कलावंतच असतो, हे कोचीचे वैशिष्ट्य. पहिली आवृत्ती संस्थापक बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनीच केली. दोघेही मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले. त्यानंतर जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, मुंबईत जन्मलेल्या शुबिगी राव आणि गोव्यातल्या ‘एचएच आर्ट स्पेसेस’सह निखिल चोप्रा अशी ही साखळी आहे, त्यामुळे मुंबईच्या कलादालनांत फिरणाऱ्याला इथे अनेक ओळखीचे धागे सापडतात.

बारीकसारीक, पण अडणाऱ्या गोष्टी

तिकीट एका दिवसाचे आणि अधिक दिवसांचे अशा प्रकारांत मिळते. तीन दिवस जाणार असाल तर दोन्हींचा हिशेब काउंटरवर करून पाहावा. एकाच तिकिटावर एका दालनात किती वेळा जाता येते, हे आधी विचारून घ्यावे. मागील काही आवृत्त्यांत सोमवारी प्रवेश विनामूल्य असे. तशी सवलत असलेल्या दिवशी शाळांच्या सहलींची गर्दी गृहीत धरावी.

मट्टानचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, आणि १५६८ साली बांधलेले ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ शनिवारी. दोन्ही पाहायचे असल्यास मट्टानचेरीचा दिवस या दोन वारांवर टाकू नये. केरळात अचानक हरताळ पुकारला जातो तेव्हा रिक्षा, दुकाने सगळे ठप्प होते. त्यासाठी आखणीत अर्धा दिवस मोकळा असावा.

जुन्या वखारींचे लाकडी जिने उभे आणि अरुंद आहेत. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना नेताना तळमजल्यावरची कामे आधी शोधून ठेवावीत आणि मट्टानचेरीत मात्र रिक्षा करावी. लहान मुलांना अंगणातली, पाण्याकाठची मोठी कामे आवडतात. त्यांच्यासाठी फाउंडेशनचा ‘आर्ट बाय चिल्ड्रन’ हा उपक्रमही असतो. त्याचे वेळापत्रक आधी पाहावे. पाण्याची बाटली भरून न्यावी. उजेडातून अंधाऱ्या दालनात शिरताना दारातच अर्धा मिनिट थांबावे, कारण उंबरठे उंच असतात.

शेवटची संध्याकाळ मोकळी ठेवावी आणि त्या वेळी नवे काहीही पाहू नये. तीन दिवसांत जे एक काम पुन्हा पुन्हा आठवत राहिले असेल, त्याच्याकडे परत जावे. दालन सहाला बंद होत असल्याने साडेचारपर्यंत पोहोचावे, म्हणजे दीड तास मिळतो. त्यानंतर धक्क्यावर एखाद्या टपरीवरची सुलैमानी, म्हणजे लिंबाचा बिनदुधाचा चहा, घ्यावी आणि एर्नाकुलमला जाणारी अखेरची बोट किती वाजता आहे, हे तिथल्या खिडकीवरच विचारून घ्यावे. ती वेळ मोबाइलवर दिसते त्याहून लवकरची असू शकते.